‘मिश्र माध्यम’ या दोन शब्दांआड

‘हे तर छापलेलं आहे, मग चित्र कसलं?’ असं एक बाजू म्हणते. ‘कलेत सगळं चालतं, माध्यम काय विचारत बसता?’ असं दुसरी म्हणते. कॅनव्हासवर आधी स्क्रीनने, म्हणजे चौकटीत ताणलेल्या जाळीतून शाई ढकलून, छापून मग रंगवलेलं काम, किंवा एचिंगच्या, म्हणजे आम्लाने रेषा कोरलेल्या पत्र्यावरून घेतलेल्या, ठशावर जलरंग आणि पेस्टल चढवलेलं काम भिंतीवर लागलं की हा वाद ठरलेला. तो दोन्हीकडून वाईट घातला जातो. पहिल्या बाजूने हाताच्या स्पर्शाचं सोवळं नेसलेलं असतं, दुसरीला प्रश्नच नको असतात. आणि त्या कामाखालच्या चिठ्ठीवर तेव्हा लिहिलेलं असतं: ‘मिश्र माध्यम, कॅनव्हासवर’. माझ्या मते खोट या चिठ्ठीत आहे. छाप आणि रंग एकत्र आले म्हणून काम कमअस्सल होत नाही. पण ते कसे एकत्र आले हे न सांगणं ही लबाडी आहे, आणि ‘मिश्र माध्यम’ हे दोन शब्द प्रामाणिक चित्रकाराला आणि भामट्याला एकाच चादरीखाली झोपवतात.

छपाई म्हणजे हाताची मेहनत वाचवणं हा समज आधी बाजूला ठेवू. अमेरिकन चित्रकार अँडी वॉरहॉलने 1962 च्या ऑगस्टमध्ये फोटोवरून केलेले सिल्कस्क्रीन वापरायला सुरुवात केली. त्याच महिन्यात मेरिलिन मन्रो गेली आणि तिच्या ‘नायगारा’ चित्रपटाच्या प्रसिद्धीसाठी काढलेल्या फोटोवरून त्याने तिचे चेहरे केले. त्यात क्रम महत्त्वाचा आहे. आधी चेहऱ्याचा गुलाबी, केसांचा पिवळा, पापण्यांवरचा निळा असे सपाट तुकडे हाताने रंगवलेले, आणि त्यांच्यावर काळा स्क्रीनमधून ओढलेला. म्हणजे चित्र खाली आणि छाप वर. काळा जिथे रंगाच्या कडेवर अचूक बसत नाही तिथे ओठ ओठांवरून सरकतात, आणि त्या सरकण्यातच तो मुखवटा दिसतो. टेट संग्रहालयातल्या ‘मेरिलिन डिप्टिक’मध्ये पन्नास चेहरे आहेत. डावीकडचे पंचवीस रंगीत, उजवीकडचे काळे. उजवीकडे काही चेहरे शाई जास्त झाल्याने बुजले आहेत, काही शाई न उतरल्याने पुसट झाले आहेत. कारखान्यातल्या छपाईवाल्याने हे कापड रद्दीत टाकलं असतं. वॉरहॉलने ते ठेवलं. कुंचल्याने इतकं निर्विकार विरत जाणं रंगवून दाखवता आलं असतं का?

आजच्या चित्रकारांत हा प्रश्न सर्वांत टोकाला नेला तो ख्रिस्तोफर वूलने. 1955 चा जन्म, 2013 मध्ये न्यूयॉर्कच्या गुगेनहाइममध्ये सिंहावलोकन प्रदर्शन. तो लिननच्या कापडावर इनॅमल रंगाने फवारे मारतो, टर्पेंटाइनमध्ये भिजवलेल्या चिंधीने ते पुसतो, राखाडी ढग उरतात. मग त्या स्वतःच्याच चित्राचा फोटो काढतो, त्याचा स्क्रीन बनवतो आणि दुसऱ्या कापडावर छापतो. काही वेळा त्यावर पुन्हा फवारतो, पुन्हा पुसतो. समोर उभ्या राहणाऱ्याला ओघळ दिसतो. जवळ गेल्यावर कळतं की हा ओघळाचा छापील ठिपक्यांत मोडलेला फोटो आहे, आणि त्याच्या शेजारचा ओघळ मात्र खरा आहे. उत्स्फूर्त फटकारा म्हणजे चित्रकाराचा आत्मा, ही विसाव्या शतकाच्या मध्यावर रुजलेली श्रद्धा त्याने अशी तिच्याच सामग्रीने तपासली. या कामाला नुसतं चित्र म्हटलं तर निम्मं हरवतं, नुसतं मुद्राचित्र, म्हणजे छापचित्र, म्हटलं तरी निम्मं हरवतं. आणि ‘मिश्र माध्यम’ म्हटलं तर सगळंच हरवतं, कारण ते चित्र ज्या फरकावर उभं आहे तोच चिठ्ठीने गिळलेला असतो.

ज्यांना हे सोपं वाटतं त्यांनी एकदा ताणलेल्या कॅनव्हासवर स्क्रीन ओढून पाहावा. पहिलाच घोळ चौकटीचा. शाई ओढायच्या रबरी पट्टीचा, स्क्वीजीचा, दाब कॅनव्हासला खाली ढकलतो आणि मागच्या लाकडी पट्ट्यांच्या कडा शाईत रेघ बनून उमटतात. त्यासाठी चौकटीच्या आत, पट्ट्यांच्या उंचीइतका जाड, सपाट फळा मागून बसवावा लागतो. नाहीतर कापड उतरवून टेबलावर छापायचं आणि नंतर ताणायचं, पण तसं केलं की ताणताना सरळ रेघा धनुष्यासारख्या वाकतात. दुसरी अडचण विणीची. जाड विणीच्या कापडावर शाई फक्त उंचवट्यांना लागते, खळग्यांत पांढरं राहतं. बारीक ठिपके हवे असतील तर जेसोचे, म्हणजे पांढऱ्या अस्तराचे, तीन-चार हात देऊन प्रत्येक हातानंतर पॉलिशपेपर मारावा लागतो. स्क्रीनची जाळीही त्याप्रमाणे निवडायची: कॅनव्हाससाठी सेंटिमीटरला 43 ते 55 धागे, गुळगुळीत कागदासाठी 77 किंवा 90. पण 43 च्या जाळीवर इंचाला 25 ते 30 ओळींपेक्षा बारीक ठिपक्यांचा फोटो चढवला की जाळी आणि ठिपके यांच्या भांडणातून मोअरेचे नागमोडी पट्टे येतात. तिसरी अडचण रंगाची. नुसता अॅक्रिलिक जाळीत पाच-सात मिनिटांत सुकतो, आणि मुंबईच्या मे महिन्यात पंख्याखाली त्याहून लवकर. त्यात जवळजवळ निम्मं छपाईचं माध्यम मिसळावं लागतं, आणि प्रत्येक ओढीनंतर जाळी शाईने भरून ठेवावी लागते, म्हणजे छिद्रं उघडी राहून कोरडी पडत नाहीत. स्क्रीन आणि कॅनव्हास यांच्यात दोन-तीन मिलिमीटर अंतर नसेल तर स्क्रीन उचलताना चिकटतो आणि कडा पसरतात. ही सगळी यंत्राची किमया म्हणणाऱ्याने यात यंत्र नेमकं कोणतं ते दाखवावं.

कागदावर वेगळीच गंमत. एचिंगची शाई तेलाची आणि कागद भिजलेला. 250 ते 300 ग्रॅमचा सुती कागद वीस-तीस मिनिटं पाण्यात ठेवून, टिपकागदात दाबून, चमक जाईपर्यंत टिपायचा. चमक राहिली तर पाणी शाईला हुसकावतं आणि ठसा चट्ट्यापट्ट्यांचा येतो. आता यावर जलरंग हवा असेल तर तो आधी की नंतर? आधी लावला तर कागद भिजवताना वाहून जातो. नंतर लावला तर ताज्या तेलकट रेषेवर थेंबथेंब होऊन उडतो. शाई सुकायला आठ-दहा दिवस द्यावे लागतात. घाईने तिच्यावर अॅक्रिलिक फासला तर वरचा थर पुढे सालीसारखा सुटतो, कारण खालचं तेल अजून वाळत असतं. म्हणजे ‘ठशावर थोडा रंग लावला’ हे वाक्य जितकं सहज उच्चारलं जातं, तितकं ते काम सहज होत नाही. काय आधी, काय नंतर, हा इथे रचनेचा प्रश्न असतो. म्हणूनच तो प्रेक्षकाला सांगण्यासारखा असतो.

आता विरोधकांचा सर्वांत भक्कम मुद्दा. ग्राहकाची फसवणूक होते, आणि ती रोज होते. चित्राचा स्कॅन घेऊन इंकजेटने कॅनव्हासवर छापायचा, वर पारदर्शक जेलचे चार फटकारे मारायचे, एखाद्या कडेला सोनेरी रंगाची रेघ ओढायची आणि ‘हँड एम्बेलिश्ड’, म्हणजे हाताने सजवलेलं, म्हणून विकायचं, हा धंदा जगभर चालतो. या वस्तूला गिक्ले असं फ्रेंच नाव दिलं की किंमतही फ्रेंच होते. इथे सोवळेवाल्यांचा राग पूर्णपणे रास्त आहे. पण ते ज्या हाताच्या नावाने रागावतात, तो हात इथे हजर आहे! फटकारे खरोखरच माणसाने मारलेले आहेत. म्हणजे ‘हाताचा स्पर्श’ ही कसोटी लावली तर गिक्ले पास होतं आणि वूलचं निव्वळ स्क्रीनने छापलेलं लिनन नापास. कसोटीच चुकली असेल तर दुसरं काय होणार?

खरी तपासणी वेगळी आहे. दहापट भिंगाखाली इंकजेटमध्ये निळसर, गुलाबी, पिवळे, काळे बारीक तुषार विस्कटून पडलेले दिसतात. मासिकं छापतात त्या ऑफसेटमध्ये ते ठिपके फुलासारख्या गोल रचनेत असतात. स्क्रीनमध्ये शाईचा सलग थर असतो आणि कडेला जाळीचे बारीक दाते. एचिंगमध्ये शाई कागदावर बोटाला जाणवेल इतकी उचललेली असते आणि भोवती पत्र्याच्या कडेचा खोलगट ठसा. मग दिवा बाजूने, जवळजवळ चित्राला समांतर धरायचा. जेलचा फटकारा उजवीकडे वळतो आणि रंगाची कड डावीकडे जाते, असं दिसलं तर वरच्या हाताला खालच्या चित्राशी काही देणंघेणं नाही. छाप आणि रंग यांचं खरं लग्न लागलेलं असतं तेव्हा एकाने दुसऱ्याला उत्तर दिलेलं असतं: छापाच्या चुकीमुळे रंगाने वाट बदललेली असते, किंवा रंगाच्या ओलाव्यामुळे छाप फाटलेला असतो.

आपल्याकडे हे नाटक नवं नाही. राजा रविवर्मांचा छापखाना 1894 मध्ये घाटकोपरला सुरू झाला आणि पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. तिथल्या ओलिओग्राफमध्ये एकेका रंगाला एकेक शिळा लागत असे. ओलिओग्राफ या प्रकाराची ख्यातीच अशी की वर व्हार्निश चढवून आणि कॅनव्हाससारखी वीण दाबून छापील कागदाला तैलचित्राचं सोंग द्यायचं. हे सोंग आजच्या गिक्लेचं थेट पूर्वज. पण त्याच लक्ष्मी-सरस्वतींना घरोघरी टिकल्या, जरतार आणि कापड लावून सजवलं गेलं. कुणाच्या आजीने कागदी लक्ष्मीला खऱ्या जरीचं लुगडं नेसवलं, तेव्हा ती वस्तू काय झाली? छाप, शिवणकाम, की पूजेतली मूर्ती? ती तैलचित्र असल्याचा आव आजीने आणला नव्हता. सोंग आणि संयोग यांच्यातला फरक इतका साधा आहे.

अहमदाबादची ‘माता नी पछेडी’, म्हणजे देवीच्या मागे लावायचं चित्रांचं कापड, पाहा. कापड हरड्याच्या पाण्यातून काढलेलं, काळ्या रंगासाठी लोखंडाचा गंज आणि गूळ आंबवलेला, लाल भागासाठी तुरटी आणि चिंचोक्याची खळ. किनार आणि आकृत्यांच्या बाह्यरेषा लाकडी ठशाने उठवायच्या, आतलं भरण कलमाने, मग वाहत्या पाण्यात धुऊन अॅलिझरिन या लाल रंगद्रव्यात उकळायचं म्हणजे तुरटीची जागा लाल होते. काही कारागीर ठसा वापरतात, काही पूर्ण कलमाने काढतात, आणि विकत घेणाऱ्याला ते विचारता येतं, कारागीर सांगतो. ठसा असूनही ती पछेडी देवीच्या मागे लागतेच. कला महाविद्यालयांत रंगचित्र आणि मुद्राचित्रण असे दोन विभाग पाडून आपण जी भिंत उभी केली, ती या कारागिरांच्या गल्लीत कधी नव्हतीच.

दुसरा भक्कम आक्षेप मुद्राचित्रकारांकडून येतो, आणि मला तो पहिल्यापेक्षा जास्त बोचतो. एडिशन, म्हणजे एका साच्यातून काढलेल्या ठरावीक प्रती, हा दिलेला शब्द असतो. खाली 7/25 लिहिलं की एकूण पंचवीस, सगळे सारखे, आणि त्यानंतर पत्रा रद्द. एखाद्या ठशावर रंग लावला की तो सारखा राहत नाही, मग नंबराला अर्थ काय? आणि पत्रा तर जिवंतच आहे, उद्या आणखी शंभर काढले तर? स्पॅनिश चित्रकार साल्वादोर दालीने हजारो कोऱ्या कागदांवर सह्या करून ठेवल्या आणि त्याच्या छपाईचा सगळा बाजार कायमचा संशयात गेला, हे विसरता येत नाही. या आक्षेपाला ‘कलावंत स्वतंत्र असतो’ हे उत्तर म्हणजे पळवाट. पण इतिहासात चांगली उत्तरं आहेत. अमेरिकन चित्रकार रॉबर्ट राउशेनबर्गला 1964 च्या व्हेनिस बिएनाले या आंतरराष्ट्रीय प्रदर्शनात चित्रकलेचं मोठं पारितोषिक मिळालं, ते बरंचसं स्क्रीनने छापून वर तैलरंग लावलेल्या चित्रांच्या जोरावर. त्याने तिथूनच फोन करून स्टुडिओतले स्क्रीन नष्ट करायला सांगितले, स्वतःची पुनरावृत्ती टळावी म्हणून. जर्मन चित्रकार अँझेल्म कीफरने उलटं केलं. लाकडात कोरलेले जर्मन विचारवंतांचे आणि कवींचे चेहरे तो वेगवेगळ्या कामांत पुन्हा पुन्हा छापतो, कागद कॅनव्हासवर चिकटवतो, वरून अॅक्रिलिक आणि शेलॅक, म्हणजे लाखेचं व्हार्निश, ओततो. तेच ठोकळे, तरी प्रत्येक काम वेगळं, आणि पुनरावृत्ती हाच विषय: एका राष्ट्राला आपल्या थोर पुरुषांचे तेच ते चेहरे किती वेळा उगाळायचे असतात? दोघांनीही स्क्रीनचं किंवा ठोकळ्याचं काय केलं हे लपलेलं नाही. एवढीच अपेक्षा आहे.

न सांगितल्यावर काय होतं त्याचं उदाहरण पुन्हा वॉरहॉलचं. 1964 च्या आत्मचित्राच्या फिल्म, ज्यांवरून स्क्रीन बनतो, त्याने एका मासिकाच्या प्रकाशकाला दिल्या आणि 1965 मध्ये बाहेरच्या छपाईवाल्याने त्यांवरून लाल पार्श्वभूमीची मालिका छापली. वॉरहॉल छपाईच्या वेळी हजर नव्हता. त्याच्या मृत्यूनंतर सत्यता ठरवणाऱ्या मंडळाने ही कामं नाकारली आणि एकाच्या पाठीवर ‘नाकारले’ असा शिक्का मारला. मालकाने 2007 मध्ये दावा लावला. पुढे तो मागे घेतला गेला, आणि मंडळही बंद झालं. माणसाने छपाई दुसऱ्यावर सोपवणं हीच आपली पद्धत असल्याचं जाहीर केलं होतं, आणि त्याच्याच कामाला ‘तो तिथे उभा नव्हता’ म्हणून बाद केलं गेलं. ज्या मालिकेच्या मागे ‘फिल्म अमुकची, छपाई तमुकची, इतक्या प्रती’ अशी एक ओळ असती, तिच्यावर वकिलांची फी खर्च झाली असती का?

हा नुसता रसिकांचा वाद असता तर सोडून देता आला असता. पण कायद्याच्या कप्प्यांत पैसे अडकलेले आहेत. सीमाशुल्काच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात 9701 हे शीर्ष ‘संपूर्णपणे हाताने’ केलेल्या चित्रांसाठी, आणि 9702 मूळ मुद्राचित्रांसाठी. भारताची दरसूची याच वर्गीकरणावर बेतलेली आहे. 9702 ची व्याख्या सांगते: कलावंताने पूर्णतः हाताने केलेल्या पत्र्यावरून थेट काढलेले ठसे, यांत्रिक किंवा फोटोयांत्रिक पद्धतीचे नाहीत. आता फोटोच्या स्क्रीनवर हाताने रंगवलेलं कॅनव्हास कुठे बसवणार? पहिल्या दारात छाप आडवा येतो, दुसऱ्यात फोटो. (कोलाजला 9701 मध्ये जागा आहे, त्यामुळे हुशार एजंट ते तिकडे ढकलतो, हा भाग वेगळा.) शिल्पकार ब्रांकुसीचं ‘अवकाशातला पक्षी’ 1926 मध्ये न्यूयॉर्कच्या बंदरावर उतरलं तेव्हा तिथल्या अधिकाऱ्यांनी ते स्वयंपाकघरातली आणि इस्पितळातली उपकरणं या गटात टाकून 40 टक्के जकात लावली होती. 1928 मध्ये न्यायालयाने ते शिल्प असल्याचं मान्य केलं. व्याख्या काळाच्या मागे राहते यात नवल नाही. पण शंभर वर्षांनी आपणही पक्ष्याला भांडं म्हणत राहायचं?

आपल्या 1957 च्या कॉपीराइट कायद्याचं कलम 53अ आणखी थेट झोंबतं. मूळ कलाकृती दहा हजार रुपयांहून जास्त किमतीला पुन्हा विकली गेली तर त्या किमतीत वाटा मागण्याचा हक्क कलावंताला, आणि त्याच्यामागे वारसांना, दिला आहे. कमाल दहा टक्के. पण कुणाला? रंगचित्र, शिल्प आणि रेखाचित्र यांच्या कर्त्यांना, शिवाय हस्तलिखितांना. त्याच कायद्याच्या व्याख्येत ‘कलाकृती’ म्हणून एनग्रेव्हिंगचा उल्लेख आहे आणि त्यात एचिंग, लिथोग्राफ, वुडकट, प्रिंट सगळं येतं. 53अ मध्ये मात्र तो शब्द नाही. म्हणजे एचिंगवर पेस्टल चढवणाऱ्याने स्वतःच्या कामाला काय म्हणायचं यावर त्याच्या मुलांचा वाटा ठरू शकतो. मुद्राचित्रकारांनी शुद्धतेची भिंत राखण्यात जितकी ताकद घालवली, तितकी या कलमात एक शब्द घालून घेण्यासाठी लावली असती तर बरं झालं असतं.

प्रक्रिया सांगितली की चित्राची जादू जाते, असाही एक हळवा आक्षेप असतो. फ्रेंच चित्रकार देगाने तो कधीच खोडला आहे. 1870 च्या दशकाच्या मध्यावर लेपिक या मित्राबरोबर तो मोनोटाइप शिकला: गुळगुळीत पत्र्यावर शाईने काढायचं, चिंधीने आणि बोटाने पुसायचं, कागद ठेवून दाबयंत्रातून काढायचं. पहिला ठसा बहुतेक शाई घेऊन जातो. पत्र्यावर जे उरतं त्यातून दुसरा, भुतासारखा फिकट ठसा निघतो. शाई जास्त असेल तर ती दाबाखाली पसरून कडा बुडवते, कमी असेल तर हा दुसरा ठसा निघतच नाही. देगाने अशा कितीतरी फिकट ठशांवर पेस्टल चढवलं आणि त्याच्या नर्तकी, कॅफेतल्या गायिका त्यातून आल्या. खालची राखाडी शाई प्रकाश आणि अंधाराची मांडणी आधीच करून ठेवते, वर पेस्टल हलक्या हाताने चालतं. आणि 1877 च्या इम्प्रेशनिस्टांच्या तिसऱ्या प्रदर्शनाच्या सूचीत त्याने आपल्या मोनोटाइपना काय म्हटलं? ‘तेलकट शाईने केलेली आणि छापलेली रेखाटनं.’ त्याने त्या नर्तकींचं काय बिघडलं?

तर चिठ्ठीवर पाच गोष्टी असाव्यात: खाली कोणता पत्रा, स्क्रीन किंवा ठोकळा आहे आणि तो हाताने केला की फोटोवरून, छपाई कुणी केली, त्या साच्यातून अशी किती कामं निघाली, रंग कोणता आणि तो छापाच्या आधी लागला की नंतर, साचा आता कुठे आहे. ‘फोटोस्क्रीन, स्वतः छापलेला, या स्क्रीनवरून चार कॅनव्हास, खाली अॅक्रिलिक, वर तैलरंग, स्क्रीन पुसला’ हे लिहायला दोन ओळी पुरतात. यात गॅलरीला जड जाणारी एकच गोष्ट आहे, ती म्हणजे तिसरी. हीच माहिती कामाच्या मागेही हवी, कारण भिंतीवरची चिठ्ठी प्रदर्शन उतरलं की केराच्या टोपलीत जाते. फक्त ती कॅनव्हासच्या पाठीवर बॉलपेनने लिहू नये. दाबाची रेघ पुढच्या बाजूला उठते आणि काही वर्षांनी शाईही झिरपते. चौकटीच्या लाकडावर पेन्सिलीने लिहावी, आणि कागदावरचं काम असेल तर खालच्या समासात, ठशाच्या कडेबाहेर.